गुलाबी पिन

रोज सकाळी प्रार्थना म्हणायची आणि तिच्यावर चार शब्द बोलायचे, हा माझा नेम. नवा कॉम्प्युटर आल्यापासून नात्यातल्या बायकाही आपापल्या घरून त्यावर येऊन बसतात. मी बोलत असताना कुणी चकार शब्द काढत नाही, आणि नंतर फोनवर मेसेज येतो, "आज फार शांत वाटलं." मी मनातून जरा फुगतेच. नाही कशाला म्हणू, खोटं न बोलण्याचाही नेम आहे.

काल कॉम्प्युटरमागची धूळ पुसता पुसता सून हसायला लागली. "आई, हेडफोनच्या दोन्ही पिना उलट्या लावल्यात तुम्ही. ही गुलाबी माइकची, ती हिरव्या भोकात घातलीय. इतके दिवस तुमचा आवाज कुणापर्यंत पोचलाच नाही, आणि त्यांचा तुमच्यापर्यंत."

म्हणजे माझं प्रवचन मी एकटीच ऐकत होते. तिने पिना बदलून दिल्या, आणि आज मी सगळं पहिल्यापासून, अगदी मन लावून सांगितलं.



संपल्यावर कानात पहिल्यांदाच नणंदेचा आवाज आला, "वहिनी, रागावू नका, पण उद्यापासून पुन्हा मौनच पाळू या का?"