बटणाचा हँडब्रेक

मेकॅनिक कमूनं परदेशी गाडीचा मागचा ब्रेकपॅड साहेबांसमोर धरला. झिजून नुसतं लोखंड उरलं होतं. साहेब उसळले, “हँडब्रेक विजेवरचा, बटणाचा. पॅड बदलायला कॉम्प्युटर लागतो; जव्हारात बँकेतच असेल. चाक लाव, हळू जाईन.” कमू सोडवलेल्या चाकावरच बसली. “नाय लावणार. घाटात आमची पोरं चालतात.” “कुठवर बसशील?” “नागलीची भाकर बांधून आणलीय.” शेवटी साहेबांनी मुंबईत बसवून घ्यायला ठेवलेले नवे पॅड डिकीतून काढले. तिनं दोन स्क्रू काढून ब्रेकची मोटर सोडवली, पॅड दाबणारा पिस्टन हातानंच मागं फिरवला, पॅड बसवून मोटर परत जोडली, चाक चढवलं. गाडी उतारावर घ्यायला लावून ती गाडीपुढं उभी राहिली. “बटण दाबा. पायब्रेक सोडा.” साहेबांचा पाय निघेना. “सोडा की! मघाशी तर घाट उतरायला निघाला होतात.” साहेबांनी पाय काढला. गाडी हलली नाही. कमू तर नाहीच.