दाराचं हँडल

टेक्सासच्या त्या शाळेत सोमवारी, कुणी बंदूक घेऊन घुसलं तर लपून बसायचं, याचा सराव होता. कमरेला पिस्तूल लावलेल्या गार्डने दुसरीच्या वर्गाच्या दाराचं हँडल हलवलं. “बाई, उघडा की, पिझ्झा आणलाय.” अंधारात पोरं तोंड दाबून हसली. कोरिनबाई गप्प राहिली. कुणीही बोलावलं तरी दार उघडायचं नाही, असा नियमच होता.

“शाब्बास, पोरी,” बाहेरून गार्ड म्हणाले. ते तिचे बाबाच होते.

मंगळवारी खऱ्याच गोळ्या झाडल्या गेल्या. हँडल हललं. ती गप्प राहिली. “शाब्बास, पोरी,” म्हणत बाबा त्याच दाराला पाठ लावून उभे राहिले, ते पडेपर्यंत. वर्गातली सगळी पोरं वाचली.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा सराव झाला. नव्या गार्डने हँडल हलवलं.



अंधारात कोरिन म्हणाली, “बाबा, आत या ना.”