घाटासाठी ब्रेक

बाबांना घाट उतरताना भीती वाटते, म्हणून यंदा गणपतीला गावी निघण्याआधी मी गाडीला मोठे ब्रेक बसवून घेतले. ते चाकात मावेनात. मग मेकॅनिकने मध्ये स्पेसर टाकून चारही चाकं इंच-इंच बाहेर काढली आणि स्वतः गावाला निघून गेला.

लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाचा मांडव उभा राहत होता, तेव्हा टेप धरून मीच पोरांना बजावलं होतं, "माझी गाडी निघेल एवढीच वाट सोडा. बोटभरही जास्त नको, मूर्ती मोठी आहे."

आज आरसे मिटूनही चाकं दोन्हीकडच्या बांबूंना अडली. मांडवात मूर्ती येऊन बसलेली.

"शिवादादा, आता विसर्जनापर्यंत एक बांबू हलायचा नाही," पोरांनी हात जोडले.

बाबांना हल्ली दिसतं कमी, कळतं त्याहून कमी. मांडीवर नारळाची पिशवी घेऊन ते तासभर पुढच्या सीटवर बसलेत. इंजीन बंद करायचं धाडस मला होत नाहीये.

 

"शिवा, घाट इलो काय रे? सावकाश घे हां."