रसात काय घालता?

"पुन्हा विचारतो," कर्णिक म्हणाले. "लोखंडाच्या रसात तुम्ही आणखी काही घालता?"

"न्हाय साहेब," अमरेश म्हणाला. "करारात लिवलंय तेवढंच."

पंखा फुल्ल होता, तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

शिरोलीच्या त्याच्या फाउंड्रीत पंपाच्या बॉड्या, म्हणजे बाहेरची लोखंडी कवचं, ओतल्या जायच्या आणि जर्मनीच्या एका कंपनीकडं जायच्या. गेल्या वर्षी तिकडं एक बॉडी फुटली आणि माणूस मेला. कंपनीनं दावा लावला तो थेट लंडनला. कोल्हापूरचं कोर्ट असतं तर निदान वकिलाच्या ओट्यावर जाऊन बसता आलं असतं. पण करारात लिहिलेलं होतं, भांडण झालं तर लंडनचा लवाद आणि कायदा इंग्लंडचा. सही ठोकताना ते वाचतंय कोण? अमरेश तेव्हा पेढे वाटण्यात गुंग होता.

आता त्यातलं एक कलम त्याला तोंडपाठ झालं होतं. ठरल्याबाहेर रसात काहीही घातलं, तर पुढच्या सगळ्या नुकसानीला विकणारा जबाबदार. म्हणजे फाउंड्री गेली, राहतं घर गेलं.

आणि त्याच्या फाउंड्रीत तर तांबं घालत होते. प्रत्येक रसात.

चाल वडिलांची. भट्टी पहिल्यांदा पेटली तेव्हा त्यांनी लग्नातलं तांब्याचं फुलपात्र तिच्यात सोडलं होतं, भट्टीचा मान म्हणून. वडील वारल्यावर आईनं, शांतादेवीनं, ती चाल आणखी घट्ट केली. जुन्या बाजारातून तांब्याची मोडकी भांडी आणायची, तुकडे करून द्यायची, आणि भट्टीवाला जोतीराम दर रसात एक तुकडा सोडायचा. त्याशिवाय कामगार ओतायला हातच लावत नसत. अमरेशला पूर्वी याचं हसू यायचं. आता त्याच तुकड्यानं आपण एक माणूस मारला, असं त्याला वाटायचं. मेलेल्याला दोन लहान मुली होत्या, असं दाव्यात म्हटलं होतं.

कर्णिक धातूंचे जाणकार. मुंबईचे. त्यांना लवादानंच नेमलं होतं, त्यामुळं ना इकडचे ना तिकडचे. मागं येऊन त्यांनी गोदामातले नमुने नेले होते. आज ते शपथेवरचा जबाब घ्यायला फाउंड्रीशेजारच्या घरी आले होते.

"हीच बॉडी ती कंपनी दुसऱ्या एका देशातूनही घेत होती," ते म्हणाले. "रंग लागला की कुठली कुणाची, ते कळत नाही. फुटलेली तुमचीच, असं कंपनी म्हणते."

"तपासणीत काय निघालं, साहेब?"

"जबाब होईपर्यंत ते सांगायची मला मनाई आहे. म्हणून म्हणतो, नीट आठवून बोला."

एवढा गोड बोलतोय म्हणजे यानं तपासणीत तांबं पकडलंय, अमरेशच्या मनात आलं. आता कबूल करायचीच वाट बघतोय.

तेवढ्यात शांतादेवी चहा-पाणी घेऊन आल्या. कर्णिकांनी पाण्याचं फुलपात्र उचललं आणि उजेडात फिरवून पाहिलं.

"तांब्याचं आहे. छान आहे."

"व्हय पावणं," शांतादेवी खुलल्या. "तांब्याबिगर आमचं पान हलत न्हाय. भट्टीला सुद्धा..."

"अव्वा, तू आत जा."

आवाज चढलाच. पाहुण्यासमोर तो आईला असं कधी बोलला नव्हता. त्या चहा ठेवून आत गेल्या.

"काय म्हणत होत्या त्या?"

"पूजेचं, साहेब. दसऱ्याला भट्टीला हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो."

"ते बाहेरून. आत?"

"आत काय न्हाय."

कर्णिकांनी पेन खाली ठेवलं. "अमरेशराव, घाबरून बोलू नका. हा जबाब एकदा दिला की फिरवता येत नाही. काही घालत असाल तर आत्ता सांगा. मी तसंच लिहीन."

शब्द अमरेशच्या ओठावर आले होते. पण आत भांड्यांचा आवाज झाला आणि त्याला वाटलं, आपण बोललो तर लंडनमध्ये आईचं नाव वाचलं जाईल. या बाईमुळं माणूस मेला, असं.

"शपथेवर सांगतो," तो म्हणाला. "आमच्या रसात बाहेरचं काय जात न्हाय. कधीच गेलेलं न्हाय."

त्यानं सही केली. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं.

कर्णिकांनी पेनाला टोपण लावलं.

"गोदामातल्या तुमच्या सगळ्या नमुन्यांत थोडं तांबं निघालंय," ते हळू म्हणाले. "इतक्यानं लोखंडाचं काही बिघडत नाही. मला वाटलं होतं, तुम्ही ते दरवेळी मुद्दाम घालत असाल, म्हणजे तुमची प्रत्येक बॉडी त्यावरून ओळखता आली असती. आता भंगारातून कधीतरी चुकून आलं, असंच लिहावं लागणार."

अमरेश पुढं वाकला.

"आणि साहेब, फुटलेल्या बॉडीत?"

"कणभरही नाही," कर्णिक म्हणाले, आणि जबाब पाकिटात घालून त्यांनी ते चिकटवलं.