फेरतपासणी

माझा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेला. फेरतपासणीला पाठवताना आधीचे गुण झाकायचे, हा शिरस्ता. त्यामुळे बायकोच्या फुप्फुसातल्या ठिपक्याबद्दल पहिले डॉक्टर "काही नसावं" म्हणाले, हे मी दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. "मास्तर, यांनी नापास केलं तर?" तिने दारातच चिमटा काढला. "मग तिसरा परीक्षक," मी म्हणालो. बाहेर ही गर्दी. डॉक्टर उभ्याउभ्याच माणसं निकालात काढत होते. आमची फिल्म त्यांनी खिडकीकडे धरली, मग दिव्यापुढे लावली, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली. नर्सबाईंना म्हणाले, "बाहेरच्यांना थांबायला सांगा." स्वतःची खुर्ची ओढून बायकोजवळ बसले. "घाई नाही," ते मायेने म्हणाले, "सावकाश बोलू." इतका प्रेमळ डॉक्टर मी आजवर पाहिला नव्हता. तिने माझा हात धरला. "अहो," ती पुटपुटली, "पहिले काय म्हणाले ते सांगा ना यांना."