सुखी उंदीर

"पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्यास तू!" किणीकर सरांनी हेमांगीच्या टेबलावर रिपोर्ट आपटला.

हेमांगीने काहीच बदललं नव्हतं. दोन महिने निम्मे उंदीर आतल्या खोलीत ठेवून ती त्यांना रोज तासभर अरुंद नळीत कोंडत होती. बाकीचे इथे बाहेर, खाऊनपिऊन सुखी. तरी रक्ताच्या तपासणीत ताणाची जनुकं कोंडलेल्यांची गप्प आणि सुखी मंडळींची पेटलेली! पीएचडी बोंबलली.

"अक्कल गहाण टाकलीस का?" सर रोजच्यासारखे कडाडले, तसे टेबलाशेजारच्या पिंजऱ्यातले सगळे सुखी उंदीर भुशात तोंड खुपसून थरथरू लागले.

सर पिंजऱ्याकडे बघतच राहिले. आवाज एकदम उतरला. "यांना... आजच आतल्या खोलीत हलव."

"हो सर," हेमांगी हळूच म्हणाली, "माझंही टेबल हलवू का?"