पानं पिवळी पडली तेव्हा

तपासणीच्या बाईंनी शेडमधलं फळं भरायचं टेबल फडक्याने पुसून घेतलं. हवा इतकी दमट होती, की पुसलेली फळी पुन्हा ओली वाटत होती. पिशवीतून त्यांनी पॉलिशपेपरचे तुकडे काढले, पाण्याची बाटली काढली, आयोडिनची कुपी काढली आणि विचारलं, 'पानं तुम्ही आणता, की मी येऊ बागेत?'

'मीच आणते,' वहिनी म्हणाली. 'कुठली झाडं ते मला तोंडपाठ झालंय.' सगळं गाव तिला वहिनीच म्हणत असे.

ओंजळभर पिवळी पानं आणि दोनचार हिरवी संत्री घेऊन ती परत आली, तेव्हा शेडच्या दारात तिचा दीर उभा होता. वाटणी झाल्यापासून त्याने या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. बांधापलीकडची बाग त्याची. सगळी तरणी झाडं, यंदा पहिल्यांदा फळ धरलेली.

'कृषी खात्याला कळवलं कुणी?' त्याने विचारलं.

'मी.'

'तुम्ही? स्वतःच्या बागेवर?'

'पानं रोज जास्त पिवळी दिसतायत, भाऊजी. डोळ्यांवर कातडं ओढून किती बसायचं?'

'मग आधी मला सांगायचंत.'

'सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, एवढा हंगाम जाऊ दे. आणि मी ऐकलंही असतं.'

तो खरंच तसंच म्हणाला असता. संत्र्याची पानं अशी पिवळी पाडणाऱ्या रोगाला औषध नव्हतं. एका झाडावर सापडला, की आसपासच्या सगळ्या बागा उपटून जाळायच्या, असा नियम होता. रोग पसरायचा तो उडत्या किड्यातून, आणि किड्याला वाटणी कळत नाही.

'दादा कुठंय?' जरा वेळाने त्याने विचारलं.

'घरात. मी फोन केल्याचं सांगितलं तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवलेसुद्धा नाहीत.'

बाईंनी पहिलं पान उचललं. पॉलिशपेपरवर ते खसाखसा घासलं. हिरवा चोथा लागलेला तो तुकडा त्यांनी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातला, वर थोडं पाणी ओतलं आणि पिशवी हलवली.

'आता यात आयोडिन घालते,' त्या म्हणाल्या. 'पाणी काळं पडलं तर रोगाचा संशय. फिकट राहिलं तर काळजी नाही.'

वहिनीने टेबलाची कड धरली. दीर दारातून दोन पावलं आत आला.

थेंब पडले. पाण्यात तांबूस धागे सुटले, वळले, पसरले. बाईंनी पिशवी उजेडात धरली. पाणी पातळ चहासारखं झालं आणि तसंच राहिलं.

'झालं?' दीर म्हणाला.

'एका पानावर नाही सांगता येत.'

त्यांनी दुसरं पान घासलं. मग तिसरं. एकदा पाणी जरा गडद वाटलं, तशी वहिनीने मान फिरवली. पण बाईंनी पिशवी पुन्हा हलवली, तेव्हा तळाला बसलेला पानांचा चोथा वर आला एवढंच. टेबलावरच्या सगळ्या पिशव्यांत तेच तांबूस पाणी होतं. मग त्यांनी सुरी घेतली आणि एकेक संत्रं देठापासून खाली उभं चिरलं. दोन्ही भाग सारखे होते, मधला दांडा सरळ, बिया टपोऱ्या; रोगट फळ वाकडं भरतं. शेवटी एक पान तळहातावर पसरून त्यांनी दोघांना जवळ बोलावलं.

'हे बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा अगदी सारखा आहे. रोगाचं पान असं नसतं, त्यात दोन बाजूंचा एकमेकींशी मेळ नसतो. तुमच्या झाडांना जस्त कमी पडलंय.'

'जस्त?' दीर म्हणाला. 'पत्र्याला लावतात ते?'

'तेच. पत्र्यापेक्षा बरंच कमी लागेल. पाण्यात मिसळून फवारा. नवी पालवी हिरवी येईल.'

'एवढंच?'

'एवढंच.'

दीर मागच्या रिकाम्या क्रेटवर धपकन बसला. क्रेट मोडला. तो खाली जमिनीवर गेला आणि तिथेच बसून हसायला लागला, दोन्ही हातांनी तोंड झाकून. वहिनी त्याला उठवायला गेली आणि तिलाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. बाई शांतपणे पिशव्या आवरत होत्या. हे त्यांना नवीन नसावं.

त्या गेल्यावर वहिनीने पदराने तोंड पुसलं.

'भाऊजी, यांना तुम्ही जाऊन सांगा.'

'मी? वहिनी, आमचं बोलणं नाही, तुम्हाला माहीत आहे.'

'म्हणून तर. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी समजूत काढतेय. तुम्ही त्यांची समजूत काढायला कशाला जाल?'

त्याने डोकं खाजवलं. मग झाडांच्या दोन ओळींमधून तो घराकडे चालायला लागला. आधी सावकाश, मग जवळजवळ पळतच. वहिनी थोडं अंतर ठेवून मागे गेली आणि अंगणाच्या कडेला थांबली. दीर उंबऱ्याबाहेर उभा होता. आत काळोख होता, खाटेवरची आकृती हलत नव्हती.

'दादा,' तो म्हणाला. चौकट धरून तो आत वाकला आणि पुन्हा म्हणाला, 'दादा, रोग नाहीये रे. तुझ्या बागेला नाही. माझ्याही नाही.'

आत खाट करकरली.

'दारात काय उभा राहिलायस?' दादाचा घोगरा आवाज आला. 'पाय धू, आणि आत ये.'